सामानाच्या यादीत नसलेली मंडळी

एप्रिल-मे महिना आला की आमच्यासारख्या नोकरदारांच्या घरात एकच विषय, बदली! 2005 चा बदल्यांचा कायदा आला, तेव्हापासून सरकारी बदल्या साधारण याच दोन महिन्यांत निघतात. मुलांच्या शाळांच्या दृष्टीनं ते सोयीचंच. मग कॉलनीत आज याच्या दारात टेम्पो, उद्या त्याच्या. गाद्यांच्या वळकट्या, कपाटं, अगदी तुळशीची कुंडीसुद्धा चढते. टेम्पो हलतो आणि मागे फाटकापाशी एखादं कुत्रं उभं राहतं. दोन-तीन दिवस बंद दाराशी बसून असतं. मांजर असेल तर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ओरडत राहते. आठवड्यानं नवे भाडेकरू येतात, ते हाकलतात.

सोडून जाणारी माणसं काही दुष्ट नसतात हो. त्यातल्या बऱ्याच जणी निघताना डोळे पुसतात, हे मी पाहिलंय. पण चमच्यांपासून उखळ-मुसळापर्यंत सगळ्याची यादी महिनाभर आधी झालेली असते आणि या जिवांचा विचार होतो तो शेवटच्या सकाळी, टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागल्यावर. तेव्हा काय सुचणार? "इथंच बरं आहे त्याला, कुणीतरी घालेल तुकडा," असं म्हणून दार लोटलं जातं.

माझं स्पष्ट मत आहे, मुक्या जनावराचं घर बदलणं हे टेम्पो येतो त्या दिवशी सुरू होत नाही. ते नवीन घर बघायला जातो त्या दिवशी सुरू होतं. आणि गंमत बघा, घरात त्यांना खाऊपिऊ घालतो आपण, पण बदलीच्या गावी घर बघायला जातात एकटे 'हे'. परत आल्यावर सांगतात, पाणी रोज येतं, शाळा जवळ आहे, भाडं इतकं. खिडक्यांना जाळी आहे का, मागं दोन हात जागा आहे का, मालक कुत्रं ठेवू देईल का, हे विचारायचं त्यांच्या लक्षातच येत नाही. म्हणून जाताना कागदावर लिहून खिशात घालून द्यावं. मी दिलं होतं.

2022 च्या मे महिन्यात आमची बदली झाली, वाईहून वाशीमला. म्हणजे राज्याच्या या टोकाकडून पार त्या अंगाला, आणि तेही ऐन उन्हात. घरात आम्ही दोघं, मुलगी, सासूबाई, नऊ वर्षांचा गावठी बंड्या आणि सोनी मांजर. बंड्याला न्यायचं यावर वाद नव्हता. प्रश्न होता सोनीचा. सासूबाईंचा आयुष्यभराचा सिद्धान्त, "अगं, कुत्रं माणसांचं असतं आणि मांजर घराचं. तिला नेऊ नकोस, राहायची नाही ती." शेजारच्या काकूंनी त्यांना दुजोरा दिला. यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं!

आता या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. मांजराच्या गालांशी, हनुवटीशी, शेपटीच्या मुळाशी वासाच्या ग्रंथी असतात. ती दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला गाल घासते ना, तेव्हा ती आपला वास तिथं लावत असते. सगळं घर असं तिच्या सहीशिक्क्याचं झालेलं असतं. नव्या घरात तिचा कुठंच शिक्का नाही, म्हणून ती बावरते, सोफ्याखाली शिरते, नाहीतर सरळ पळ काढते. नवं घर जवळच असेल तर जुन्या घरी परत गेलेली मांजरं आपण सगळ्यांनीच बघितलीत. पण याचा अर्थ तिला मागं सोडावं असा नाही, तर तिला तिचा वास बरोबर न्यायला द्यावा असा आहे. म्हणून घर बदलताना एक गोष्ट आपल्या स्वच्छतेच्या सवयीविरुद्ध करायची. तिचं अंथरूण, तिचं बसायचं पोतं धुवायचं नाही. तसंच, तिच्या केसांसकट न्यायचं.

मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, "आई, वाड्याला कुलूप लागणार. मग घराची म्हणून ती राहील कुणापाशी?" त्या काही बोलल्या नाहीत. त्या वाड्यातल्या दोन खोल्यांत त्यांचा स्वतःचा चाळीस वर्षांचा संसार झाला होता. दुपारी बघते तर सोनीचं पोतं घडी घालून त्यांच्या पेटीवर ठेवलेलं.

तयारीला आम्ही तीन आठवडे घेतले. मांजरासाठी जाळीचा पिंजरा बाजारात मिळतो, पण आमच्याकडे तेव्हा मिळाला नाही. मग भाजीवाल्याकडून प्लॅस्टिकचे दोन क्रेट आणले, एकावर एक पालथा घातला आणि कडेनं तारेनं आवळले. आत जुनी साडी. पण हा पिंजरा निघायच्या दिवशी पहिल्यांदा समोर आला तर मांजर आत जाणं शक्य नाही, ओरबाडून मात्र काढेल. आम्ही तो पंधरा दिवस आधीच पडवीत उघडा ठेवला आणि दूधभात त्यातच द्यायला लागलो. आठवड्यात सोनी त्यात झोपायला लागली.

याच काळात जनावरांच्या दवाखान्यात जाऊन यायचं. रेबीजची लस राहिली असेल तर टोचून घ्यायची आणि लसीचं कार्ड आपल्या पर्समध्ये ठेवायचं, टेम्पोतल्या खोक्यात नाही. नव्या गावात कुणी तक्रार केली तर पहिलं तेच विचारतात. बऱ्याच महापालिकांत आणि काही नगरपालिकांत कुत्र्याचा परवानाही काढावा लागतो. बंड्याच्या पट्ट्याला आम्ही नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेला बिल्ला अडकवला. चावीवाल्यानं पाच मिनिटांत खोदून दिला.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. प्रवासात शांत राहावं म्हणून घरातल्या गोळ्या देऊ नका. विशेषतः मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष. आपण तापासाठी सहज घेतो तीच गोळी तिच्या जिवावर बेतते. द्यायचंच तर डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं औषध.

रेल्वेनं जाणाऱ्यांनी नियम आधी समजून घ्यावेत. कुत्रं आपल्याजवळ ठेवायचं तर एसी फर्स्ट क्लासमधलं दोन किंवा चार बर्थचं पूर्ण कूपे आपल्या नावावर असावं लागतं. स्लीपर, थ्री टायर, टू टायरमध्ये त्याला परवानगी नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समधून न्यायचं, त्यासाठी पार्सल ऑफिसात नोंद करायची आणि तब्येतीचा ताजा दाखला दाखवायचा. मे महिन्यात त्या पेटीत मी तरी माझं जनावर घालणार नाही. आम्ही सामानाला टेम्पो केला आणि आमच्यासाठी वेगळी गाडी. खर्च वाढला, यांची कुरकुर झाली, असो. टेम्पोच्या मागं, ताडपत्रीखाली, सामानात जनावर कोंबणं हा मात्र शुद्ध गुन्हा आहे. उन्हात तापलेल्या हौद्यात कुत्रं तासाभरात गुदमरतं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंग थंड करतं आणि हवाच तापलेली असली तर तेही जमत नाही.

सामान चढतं तो दिवस मांजराच्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याचा. दारं सताड उघडी, हमालांची ये-जा, आदळआपट. पळालेली मांजरं बहुतेक याच वेळी पळतात आणि मग शोधायला कुणाला वेळ नसतो. आम्ही न्हाणीघर आदल्या रात्रीच रिकामं केलं, सोनीला पिंजरा, पाणी आणि मातीचं घमेलं देऊन आत ठेवलं, बाहेरून कडी घातली आणि दारावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'उघडू नये, मांजर आहे'. हमाल हसले, पण उघडलं नाही कुणी.

पहाटे चारला निघालो. निघायच्या आधी चार तास दोघांनाही खायला दिलं नव्हतं, नाहीतर गाडीत उलट्या ठरलेल्या. पाणी मात्र वाटेत थोडं थोडं. बंड्याला उतरवायचं ते साखळी हातात घट्ट धरूनच. अनोळखी रस्त्यावर शहाणं कुत्रंही ट्रकच्या हॉर्ननं बिथरतं. सोनीनं शिरवळपर्यंत आकांत केला, मग सासूबाईंनी पिंजऱ्यावर आपला पदर टाकला तशी गप्प झाली. अंधार केला की मांजर निवांत होते. जालन्याच्या पुढं तर दोघी झोपल्या होत्या!

नव्या घरात पोचलो की आपल्याला वाटतं, आता सोडावं बिचारीला मोकळं. नाही! मांजराला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायचं. तिथंच तिचं पोतं, खाणं, आणि लांबच्या कोपऱ्यात मातीचं घमेलं. ती खोली तिच्या वासाची झाली की मग हळूहळू बाकीचं घर, आणि घराबाहेर तर दोन-तीन आठवड्यांनंतरच. आणि आपल्याकडे नव्या घरात वास्तुशांत नाहीतर निदान सत्यनारायण आलाच. होमाचा धूर, पन्नास माणसं, दारं उघडी. पूजा आणि मांजराचं आगमन एकाच दिवशी ठेवू नका. जमत नसेल तर तिची खोली बंद करून किल्ली आपल्या कनवटीला.

आमच्याकडे ती खोली सासूबाईंची झाली. मी सुचवलं नव्हतं, त्यांनीच आपलं अंथरूण तिथं टाकलं. पहिले दोन दिवस सोनी कपाटामागून निघाली नाही, जेवली नाही. त्या दोन दिवसांत सासूबाईही नीट जेवल्या नव्हत्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिसऱ्या रात्री चमच्यानं वाटी वाजवण्याचा आवाज आला. वाईला रोज संध्याकाळी ओसरीवर बसून त्या तशीच वाटी वाजवत. सकाळी वाटी रिकामी होती.

बंड्याचं वेगळंच. पठ्ठ्या खाऊन-पिऊन मजेत, पण दुसऱ्या दिवसापासून घरात लघवी करायला लागला. नऊ वर्षांत कधी असं केलं नव्हतं. अशा वेळी मारू नये. त्याला 'बाहेर' कुठलं तेच कळत नसतं. रोज त्याच वेळी, त्याच झाडाशी नेलं की चार-पाच दिवसांत समजतं. म्हाताऱ्या, कमी दिसणाऱ्या कुत्र्यांना तर घर पाठ झालेलं असतं. त्यांच्यासाठी नव्या घरातही खाण्याची वाटी नि झोपायची जागा एकदा ठरवली की हलवू नये.

फ्लॅटमध्ये जाणाऱ्यांनी गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी आधी मारावी, पडदे मागाहून. मांजर कशीही पडली तरी पायांवरच पडते, या भरवशावर राहू नका. पायांवर पडूनही हाडं मोडतात, जबडे फुटतात. सोसायटीनं आक्षेप घेतला तर घाबरायचं कारण नाही. केंद्राच्या जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 साली स्पष्ट केलंय की सोसायटीला बहुमतानंसुद्धा कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही. अर्थात जिन्यात घाण झाली तर ती आपणच उचलायची, रात्री भुंकणं आवरायचं. हक्क सांगताना हेही आलं. भाड्याचं घर असेल तर गोष्ट वेगळी. तिथं मालकाची संमती लागते आणि ती भाडेकरारात लिहून घ्यावी. तोंडी "चालेल हो वहिनी" पावसाळा आला की विसरलं जातं.

आता राहिली ती दारातली कुत्री. आपण त्यांना पाळलेलं नसतं, पण रोजची भाकरी आपलीच असते. त्यांना उचलून नव्या गावी सोडणं म्हणजे तिथल्या कुत्र्यांच्या तोंडी देणं. त्यांची गल्ली हेच त्यांचं घर. वाईला आमच्या दारात अशी दोन होती. निघायच्या महिनाभर आधीपासून मी त्यांची भाकरी आमच्या दारातून काकूंच्या दारात सरकवत नेली, रोज पाच-दहा पावलं. शेवटच्या आठवड्यात ती काकूंच्याच पायरीवर बसायला लागली. काकूंना ज्वारीचं अर्धं पोतं ठेवून आले. त्या नको नको म्हणत होत्या, पण कुणावर ओझं टाकायचं तर शिधा बरोबर द्यावा.

पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून जाणं हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यानं गुन्हा आहे, बरं का! पहिल्या गुन्ह्याला दंड किती ठाऊक आहे? दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात हल्ली दोन दिवसांचं दूधही येत नाही. तेव्हा पोलिसांच्या धाकानं काही होईल ही आशा मला नाही. पण यंदा तुमच्याकडे बदलीचा कागद आला तर यादीची वही काढाल ना, तेव्हा पहिल्या पानावर भांड्यांच्या आधी त्यांची नावं लिहा, आणि पुढं पिंजरा, पट्टा, लसीचं कार्ड, पोतं. यांच्या खिशातला कागद विसरू नका.