भांडे वर, दुखणे खाली

जुन्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये भारतीय पद्धतीचा संडास काढून कमोड बसवायचे ठरले की घरातली सगळी चर्चा दुकानातल्या मालाभोवती फिरते. जमिनीवरचा घ्यावा की भिंतीला टांगलेला, पांढरा की फिकट पिस्ता, झाकण साधे की आपोआप हळू मिटणारे. खरे तर या कामात भांड्याची निवड हाच सर्वांत सोपा भाग. काम बिघडते ते फरशीच्या खाली, म्हणून हात सैल सोडायचा असेल तर तो तिथे सोडावा.

भारतीय भांडे जमिनीत बसते. त्यासाठी तिथला स्लॅब साधारण फूटभर खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात भांडे, त्याखालचा वाकडा ट्रॅप आणि उभ्या पाइपापर्यंत जाणारा चार इंची आडवा पाइप असे सगळे विटांच्या तुकड्यांच्या भरावात आणि कोब्याखाली गाडलेले असते. जुन्या इमारतींत हा पाइप बिडाचा, सांधे शिसे ओतून बंद केलेले. वर्षानुवर्षांत सांधे झिरपू लागतात, भराव पाणी पीत राहतो आणि वरची फरशी मात्र कोरडीठाक दिसते. ओल आधी कळते ती खालच्या मजल्यावरच्यांना. आता ट्रॅपचे काम काय, तर वाकणात कायम दोनेक इंच पाणी धरून गटारातली दुर्गंधी घरात येऊ न देणे. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली अशा वाकणाच्या संडासाचे पेटंट घेतले, आणि तत्त्व आजही तेच आहे. कमोडला हे वाकण अंगचेच असते. त्यामुळे भारतीय भांडे काढले की जमिनीतला जुना ट्रॅपही निघायला हवा. नेमका इथेच आळस होतो. जुना ट्रॅप तसाच ठेवून त्याच्या तोंडावर कमोड बसवला, तर एकामागे एक दोन पाण्याचे अडसर तयार होतात आणि मधली हवा कोंडते. फ्लश केल्यावर पाणी वर चढते, मग सावकाश उतरते आणि मैला दुसऱ्या वाकणात रेंगाळतो. घरचे लोक दोष नव्या कमोडला देतात.

‘न फोडता, एका दिवसात’ हा प्रस्ताव म्हणूनच मोहक असला तरी महागात पडतो. त्याची बाजू घेणारे म्हणतात, गळती नाही तर खणायचे कशाला? जिथे पाइप अलीकडे बदललेला आहे आणि खालचे छत कोरडे आहे, तिथे अख्खा खड्डा उपसण्याची गरज नाही हे मान्य. पण ट्रॅप काढण्यापुरते तरी फोडावेच लागते, आणि फोडताना जुने वॉटरप्रूफिंग शाबूत राहील या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. फोडकाम सुरू होताच पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घट्ट कोंबला पाहिजे. नाहीतर विटांचे तुकडे उभ्या पाइपात उतरतात आणि अख्ख्या इमारतीचा संडास तुंबतो. मापाचेही तसेच. एस ट्रॅपच्या कमोडचा पाइप जमिनीत जातो, आणि भिंतीपासून त्या पाइपाच्या मध्यापर्यंतचे अंतर चार, नऊ किंवा बारा इंच असे मॉडेलप्रमाणे बदलते. हे माप प्लास्टरपासून नव्हे, टाइल बसल्यानंतरच्या भिंतीपासून धरायचे. पी ट्रॅपचा पाइप मागे भिंतीत जातो, तिथे उंची जुळवावी लागते. म्हणजे आधी कमोडचे मॉडेल ठरवायचे, मग पाइप टाकायचा. कमोड सिमेंटमध्ये पक्का गाडण्याचा हट्टही टाळावा. स्क्रू आणि सिलिकॉनवर बसवलेला कमोड पुढे न फोडता काढता येतो.

पाणी वाचते म्हणून बदला, हा युक्तिवाद मात्र अर्धाच खरा. दहा लिटरच्या जुन्या टाकीच्या जागी तीन आणि सहा लिटरचा दुहेरी फ्लश आला तर बचत मोठी आहे. पण ज्या घरात आजवर लघवीनंतर दोन तांबे पाणी टाकून भागत होते, तिथे कमोडमुळे वापर वाढूही शकतो. गुडघ्यांचे म्हणणे निराळे. घरात सत्तरीतले कोणी असेल तर एवढे एक कारण पुरते. दोन संडास असतील तर एक भारतीय राहू द्यायला काय हरकत आहे?

उरला प्रश्न एकच संडास असलेल्या घराचा, आणि ही अडचण खरी आहे. पाइप, वॉटरप्रूफिंग, भराव आणि फरशी हे सगळे नीट करायचे तर संडास काही दिवस बंद राहतो, आणि तेवढ्या काळापुरती शेजाऱ्यांची किंवा नातेवाइकांची मदत आधीच मागून ठेवावी लागते. तरीही घाईत एक टप्पा गाळू नये. वॉटरप्रूफिंग वाळल्यावर पाइपाचे तोंड बंद करून खड्ड्यात पाणी भरायचे, निदान चोवीस तास ठेवायचे, पातळीची खूण करायची आणि खालच्या घरी जाऊन छत पाहायचे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडासामुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. त्यामुळे फरशी लागल्यावर ओल उतरली, तर तीच फरशी पुन्हा फोडण्याचा खर्चही आपल्याच खिशातून जातो.