माणूस गेला, कागद कुठे आहेत?

घरचा कर्ता माणूस जातो, पुण्यानुमोदन आटोपते, आणि मग प्रश्न उठतो, "त्यांनी मागे काही ठेवले काय?" वस्तीत अर्ज लिहून देताना आम्ही हे नेहमी ऐकतो.

प्रथम पेटी उघडा. पासबुक, विम्याची पावती, फंडाची चिठ्ठी, काहीही फेकू नका. नोकरीच्या ठिकाणी फंड, ग्रॅच्युइटी, विमा यांची चौकशी करा. १० वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसाचा हक्क बुडत नाही. अशा ठेवींचा शोध २०२३ पासून 'उद्गम' या संकेतस्थळावर घेता येतो.

गावी सातबारा व जुने फेरफार पाहा. १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली. त्यानंतर जमीन आजोबांच्या नावे झाली काय, हे फेरफारात कळते.

बँकेतील नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांसाठी पैसे स्वीकारतो. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. वडिलांचे मृत्युपत्र नसेल, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, आई, मुलगे, मुली सर्वांना सारखा वाटा मिळतो. २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे.

तरीही बहिणीला चोळी-बांगडी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. मुलीला वाटा देऊ पाहणारे हिंदू कोड बिल रखडले, म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या घरात बहिणीचा वाटा लपवला जाऊ नये. कागद शोधायला बसाल, तेव्हा तिलाही बोलवा.