कमरेचे ओझे

गेल्या महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी संध्याकाळच्या तालमीला आला, आणि तंबोरा जुळवण्याआधीच म्हणाला, "गुरुजी, उद्या दुपारी सवड आहे का? बंदुकांच्या दुकानात जायचे आहे."

हा विद्यार्थी सराफ्यातला. चार पिढ्यांची पेढी. रोज रात्री दुकान वाढवून दागिन्यांची पेटी घरी न्यायची, हा घराचा शिरस्ता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या चुलतभावाला अशाच वेळी गल्लीत अडवून लुटले होते. तेव्हापासून याच्या मनाने घेतले, की अंगावर एखादे लहानसे हत्यार असावे. वर्षभर कचेरीच्या खेपा घातल्यावर परवाना हाती आला. आता घ्यायचे कोणते, एवढाच प्रश्न राहिला होता.

"अरे, मी गवयाचा मुलगा. मला पिस्तुलातले काय कळणार?" मी म्हणालो.

"म्हणूनच तुम्ही या. दुकानदार विकायला बसलेला, मित्र फुशारकी मारणारे. मिरजेचा तंबोरा घेताना तुम्ही चार तंबोरे बाजूला सारून पाचवा घेऊ दिलात. तसेच इथे करा."

शिष्याच्या या युक्तिवादापुढे माझे काही चालले नाही.

आम्हा ग्वाल्हेरकरांना हत्यार नवे नाही. भिंड-मुरैनेकडचा पाहुणा खांद्याला बंदूक अडकवून लग्नाच्या पंगतीत बसतो, तेव्हा आपल्या घरच्या मुलांनासुद्धा नवल वाटत नाही. १९६० मध्ये विनोबा या खोऱ्यातून पायी फिरले. १९७२ च्या एप्रिलात जौऱ्याला गांधीजींच्या तसबिरीपुढे चंबळच्या बागींनी जयप्रकाशांच्या साक्षीने बंदुका ठेवल्या. तरी हौस गेली नाही. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्यास बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली होती. यावरून या मुलखात परवान्याची मातब्बरी केवढी, हे वाचकांनी ओळखावे.

पण खांद्यावरची बंदूक आणि खिशातले पिस्तूल यांत मोठा भेद आहे. बंदूक दाखवण्यासाठी असते. ती पाहून समोरचा सावध होतो. खिशातले पिस्तूल कुणाला दिसत नाही. त्याची सारी जबाबदारी ते बाळगणाऱ्या एकट्याच्या डोक्यावर असते. दुकानाच्या पायऱ्या चढताना हाच विचार माझ्या मनात घोळत होता.

दुकानदार वयस्क, बोलायला सावकाश. त्याने प्रथम कायदा सांगितला, हे मला आवडले. ९ मिलिमीटर आणि .३८ ही नागरिकांना मना असलेली मापे. सामान्य परवान्यावर मिळते ते मुख्यतः.३२ आणि .२२. परदेशी पिस्तुले आणण्यावर १९८० च्या दशकात निर्बंध आले, म्हणून जुना विलायती माल हातोहात, चढ्या भावाने फिरतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला आहे, आणि लग्नात आनंदाचे बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिस्तूल घेऊन चारचौघांत जायचे, तर ते म्यानात, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात राहील असे असावे लागते.

मग त्याने फडके पसरून त्यावर हत्यारे मांडली. कानपूरचे .३२ चे रिव्हॉल्व्हर, सहा काडतुसांचे. त्याचीच हलकी आवृत्ती 'निर्भीक', २०१४ साली निघालेली, टायटॅनियमच्या मिश्रधातूची, वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास. निघाली तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात होती, आणि ती स्त्रियांच्या पर्ससाठी म्हणून गाजली. २०२३ चे 'प्रबल', ७०० ग्रॅमचे, ज्याचे चक्र बाजूला उघडते. आणि 'अशनी' नावाचे .३२ चे चपटे पिस्तूल.

शिष्याचा हात सरळ अशनीकडे गेला. साहजिक होते. चपटी वस्तू सदऱ्याखाली दिसत नाही. रिव्हॉल्व्हरचे चक्र मात्र पोटाशी फुगते. पिस्तुलाची लहान आवृत्ती ही मुळात याच सोयीसाठी निघाली. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियममधल्या कारखान्यासाठी आणि कोल्ट कंपनीसाठी .३२ ची चपटी पिस्तुले आखली. वाल्थर कंपनीचे 'पीपीके' १९३१ चे. त्याच्या आखूड मुठीची आणि लहान नळीची नक्कल आजतागायत चालू आहे.

पण आखूडपणाला मोल द्यावे लागते, हे त्या दुकानदाराने स्वच्छ सांगितले. नळी आखूड, की नेम धरण्याच्या दोन खुणांमधले अंतर कमी. हात जरासा हलला तरी गोळी भलतीकडे. मूठ आखूड, की करंगळी अधांतरी. वजन कमी, की झटका जास्त. जे बाळगायला सोपे, ते चालवायला अवघड. आमच्याकडेही लहान तंबोरी प्रवासाला सोयीची असते, पण तिच्यावर सूर भरण्यासाठी कान अधिक तयार लागतो. तयारी नसलेल्याने लहान वाद्य घेऊ नये.

मी एकच प्रश्न विचारला. "हे रिकामे आहे, हे घरातल्या माणसाला कसे कळावे?"

दुकानदार माझ्याकडे पाहून हसला. त्याने पिस्तुलाचे मॅगझिन काढून बाजूला ठेवले आणि शिष्याला विचारले, "आता भरलेले आहे की रिकामे?" शिष्य म्हणाला, "रिकामे." दुकानदाराने मान हलवली. मॅगझिन काढले तरी नळीच्या तोंडाशी एक काडतूस बसलेले असू शकते. वरचा सरकता भाग मागे ओढून डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे, मगच रिकामे म्हणावे. साफ करताना गोळी सुटल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या कित्येकांचे मूळ या एका काडतुसात असते. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचे तसे नाही. ते मधोमध मोडून उघडते, सहाही घरे डोळ्यांसमोर येतात. भरलेले की रिकामे, हे पोरालासुद्धा दिसते. त्याचा चाप एका ओढीत, घोडा न चढवता, चांगला जड लागतो. नेमाच्या दृष्टीने ही अडचण. पण खिशात, घाईत, घाबरलेल्या बोटाखाली हाच जडपणा राखण करतो.

शिष्याच्या घरी दहा वर्षांचा मुलगा आहे. तोही माझ्याकडे पलटे घोकतो. त्याचे नाव आम्ही दोघांनीही काढले नाही, पण शिष्याने अशनी खाली ठेवली.

मग मी त्याला रिकामे रिव्हॉल्व्हर म्यानात घालून कमरेला बांधायला आणि दुकानाच्या सतरंजीवर मांडी घालून बसायला लावले. दुकानातली दोन गिऱ्हाइके पाहत राहिली. बसताच त्याचा चेहरा बदलला. मूठ बरगडीत, नळी जांघेत. मी म्हणालो, "आता खर्ज लाव." त्याने श्वास घेतला, पोट फुगेना. कमरेला हत्यार उभ्या माणसासाठी असते. आपण पेढीवर गादीवर बसणारे, तालमीत मांडी घालणारे, देवघरात वाकणारे लोक. जे दिवसभर टोचते, ते माणूस आठ दिवसांनी काढून टेबलाच्या खणात ठेवतो, आणि अपघात नेमका खणातल्या हत्याराने होतो.

परतताना रिक्षात मी त्याला आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली. ती वडिलांनी मला सांगितली होती.

आमचे आजोबा दरबारचे गवई. वडीलही पोरवयात त्यांच्यामागे तंबोऱ्यावर बसत. आजोबा बाहेरच्या संस्थानांत गायला जात, बिदागी रोख मिळे, प्रवास रात्रीचा. म्हणून त्यांच्यापाशी वेब्ली कंपनीचे .२५ चे, मुठीत मावेल एवढे पिस्तूल असे. अंगरख्याच्या आतल्या खिशात. आजीखेरीज कुणाला ठाऊक नव्हते.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. तेही लहानच पिस्तूल होते. इटलीच्या बेरेटा कंपनीचे, जेमतेम सहा इंच लांब. ते ग्वाल्हेरात मिळवलेले होते, हे पुढे लाल किल्ल्यातल्या खटल्यात आले. त्या दिवसांत दक्षिणेकडे आपल्या लोकांची घरे जळत होती, आणि इथे लष्करातल्या मराठी वाड्यांतून माणसे खालच्या आवाजात बोलत होती. वडील सांगत, की फेब्रुवारीतल्या एका सकाळी आजोबांनी ते पिस्तूल रुमालात गुंडाळले, उघड्या हातात धरले, आणि भर रस्त्याने चालत ठाण्यात नेऊन दिले. आजी म्हणाली होती, "आताच तर खरी गरज आहे." त्यावर आजोबा म्हणाले, "जे लपवल्यामुळे शेजारी माझ्याकडे संशयाने पाहील, त्याने माझे रक्षण कसे व्हावे?" पुढे ते परत मागितले नाही. बिदागी मात्र त्यानंतर मनीऑर्डरने येऊ लागली.

शिष्य बराच वेळ काही बोलला नाही. घराशी उतरताना म्हणाला, "म्हणजे घेऊ नये असे म्हणता?"

मी तसे म्हटले नाही. ज्याच्या चुलतभावाच्या डोक्याला टाके पडले, त्याला मी घरात बसून उपदेश करणे बरे नव्हे. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. जुन्या संहितेत होता, १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेतही आहे, आणि जरुरीपेक्षा अधिक इजा करू नये ही अटही आहे. मी एवढेच म्हणालो, की हत्यार शेवटी निवड. आधी रोजचा रस्ता, रोजची वेळ आणि रोजची पेटी यांचा विचार कर. आणि घेतलेस, तर रियाझावाचून कमरेला बांधू नकोस.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा तालमीला आला. रिव्हॉल्व्हर घेतले होते, कानपूरचे साधे. पण त्याआधी त्याने पेढीतच भिंतीत पोलादी तिजोरी बसवून घेतली होती. रात्रीची पेटी घरी नेण्याचा चार पिढ्यांचा शिरस्ता बंद झाला. हत्यार पेढीवरच कुलपात राहते, आणि रविवारी तो नेमबाजीच्या मैदानावर जातो.

मी विचारले, "मग अंगावर काय बाळगतोस?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि मांडी घालून बसला. त्या संध्याकाळी त्याचा खर्ज बऱ्याच दिवसांनी पोटातून लागला.