पूर ओढ्याकाठी, विमा मंडळाला
लेखमाला : घाटमाथ्याचं पाणी – भाग ४

मागच्या भागात आपण पावसाचं पाणी घाटमाथ्यावर कुठे आणि किती मुरतं ते पाहिलं. या आठवड्यात न मुरलेल्या पाण्याचा हिशेब करू. ते कोणाच्या रानात शिरतं आणि शिरल्यावर भरपाई कोण, किती आणि कशावरून देतं?

‘आमच्याकडे मोठी नदी नाही, पूर कसला येणार?’ हे वाक्य अजिंठा परिसरात सहज ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. अजिंठ्याची डोंगररांग म्हणजे दोन खोऱ्यांमधला बांध. उत्तरेकडे पडलेलं पाणी वाघूरमधून तापीला जातं, दक्षिणेकडचं पूर्णा आणि तिच्या उपनद्यांमधून गोदावरीला मिळतं. उत्तरेचा कडा उभा आहे. वरची माती पातळ, खाली काळा पाषाण. जोराचा पाऊस झाला की पाणी काही तासांत घाट उतरून फर्दापूर-सोयगावकडच्या नाल्यांना येतं. याच वाघूरच्या वळणावर लेणी कोरणाऱ्यांनी दालनं पात्रापासून चांगली उंच, कड्यात काढली, आणि सोळाव्या लेण्यापासून पात्रापर्यंत उतरायला पायऱ्या केल्या. पाणी हाताशी असावं, पण घरात येऊ नये, एवढं त्यांनी जपलं.

दक्षिणेचा, म्हणजे सिल्लोडकडचा उतार सौम्य आहे. इथं पाणी धावत येण्यापेक्षा साचून जास्त नुकसान करतं. काळ्या रानात मका-कापसाच्या मुळाशी पाणी तुंबतं, पीक पिवळं पडतं आणि ओढ्याकाठची माती खरवडून जाते.

दोन घटना शेजारी ठेवून पाहा. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस याच रांगेतल्या कन्नड घाटात एका रात्रीच्या पावसानं दरडी कोसळल्या आणि पायथ्याशी चाळीसगावात तितूर व डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात जायकवाडीतून गोदावरीत सुमारे तीन लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि पैठणमधल्या लोकांना हलवावं लागलं. धरणाखालच्या गावाला निदान विसर्गाचा इशारा मिळतो. घाटाखालच्या नाल्याला तसा इशारा देणारं कोणी नसतं.

‘शंभर वर्षांतला पूर’ म्हणजे काय?

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात नियंत्रित.

पण एकदा पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षं निर्धास्त, असा याचा अर्थ नाही. निळ्या रेषेचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता, लाल रेषेचा दर वर्षी १ टक्का. ही शक्यता प्रत्येक पावसाळ्यात नव्यानं लागू होते. निळ्या रेषेवरच्या घरात तीस वर्षं राहिलात, तर त्या काळात किमान एकदा पाणी येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के होते. लाल रेषेवर ती सुमारे २६ टक्के आहे. छोट्या ओढ्या-नाल्यांवर अशा रेषा सहसा आखलेल्या नसतात. तिथं गावातल्या जुन्या माणसाला ‘पाणी कुठवर आलं होतं’ हे विचारणं, हाच नकाशा.

मदत वेगळी, विमा वेगळा

पुरानंतर खात्यात येणाऱ्या सगळ्याच पैशांना आपण ‘विमा आला’ म्हणतो. त्यात दोन वेगळे प्रवाह असतात.

पहिला सरकारी मदतीचा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनामा करतात आणि नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर आपत्ती निधीच्या निकषानं मदत मिळते : जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये. अल्प व अत्यल्प भूधारकाची जमीन खरवडून गेली, तर हेक्टरी ४७,०००. ऑक्टोबर २०२५मध्ये राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात या दरांवर रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वाढवून दिले. हा त्या वर्षीचा निर्णय होता. पुढच्या पुरात तो पुन्हा होईलच, असं गृहीत धरता येत नाही.

दुसरा प्रवाह पीक विम्याचा. एक रुपयातला विमा खरीप २०२३मध्ये सुरू झाला आणि खरीप २०२५पासून बंद झाला. आता शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का, कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना ५ टक्के.

हप्त्यापेक्षा मोठा बदल मात्र आत झाला. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान आणि पेरणीच न होणं, ही चारही संरक्षणं राज्यानं २०२५च्या सुधारित योजनेतून काढली. भरपाई ठरते ती फक्त पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. म्हणजे ७२ तासांत फोटो टाकून कंपनीला कळवण्याची धावपळ या योजनेत कामाची राहिली नाही.

उदाहरण घेऊ. समजा, मंडळात मक्याचं उंबरठा उत्पादन हेक्टरी ३० क्विंटल आणि विमा रक्कम ३६,००० रुपये आहे. म्हणजे हप्ता ७२०. प्रयोगात सरासरी २४ क्विंटल निघाली, तर तूट २० टक्के, म्हणून मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला हेक्टरी ७,२०० रुपये. सरासरी ३१ निघाली, तर कोणालाच काही नाही, मग ओढ्याकाठचं तुमचं रान मातीसकट वाहून गेलेलं का असेना. दुष्काळ सगळ्या मंडळाला एकसारखा गाठतो. पूर ओढ्याकाठची पट्टी धुतो आणि माळावरचं पीक उलट तरारतं. दुष्काळाच्या मापानं पूर मोजला, तर ओढ्याकाठचा शेतकरीच बाहेर राहणार.

आणि मिरची? सिल्लोड तालुक्यात तिच्यावर कित्येक घरं चालतात. पण खरिपाच्या अधिसूचित पिकांत मका, कापूस, सोयाबीन, तूर आहेत, मिरची नाही. तिच्यासाठी फक्त पंचनामा.

घर आणि दुकान

शेताबाहेरचं चित्र थोडं बरं आहे. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. त्यासाठी १९६८पासून वेगळी सरकारी पूर विमा योजना आहे आणि तिची पॉलिसी साधारणपणे तीस दिवसांनी लागू होते. आपल्याकडे १ एप्रिल २०२१पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आगीसोबत पूर, वादळ आणि दरड मूळ संरक्षणातच आहेत. एका ठिकाणची ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. फर्दापूर-अजिंठ्याच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांनी, खत-बियाण्यांच्या विक्रेत्यांनी ती विचारावी.

या जूनआधी

ई-पीक पाहणीत जे पीक रानात आहे तेच नोंदवा. विम्यातलं पीक आणि सातबाऱ्यावरचं पीक जुळलं नाही, तर दावा अडतो. शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा. पूर ओसरला की माती ओढण्याआधी फोटो काढा आणि पंचनाम्याच्या वेळी हजर राहा. ते विम्यासाठी नाही, तरी मदतीसाठी लागतं. हप्ता भरण्याआधी त्या वर्षीचा शासन निर्णय वाचा, कारण नियम वर्षागणिक बदलतात. केंद्रानं खरीप २०२६पासून भाताच्या शेतात पाणी साचल्याचं नुकसान पुन्हा संरक्षणात घ्यायचं ठरवलंच आहे. मक्याला आणि कापसाला तेच हवं, ओढ्याकाठच्या गटाचं नुकसान वेगळं मोजलं जावं आणि मिरची यादीत यावी, असे ठराव येत्या ग्रामसभांमध्ये करा. तोवर पीक विमा जरूर घ्या, पण तो दुष्काळासाठी आहे असं समजून. पुरासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.