आधी पेंढ्या, मग लक्ष्य

राष्ट्रीय तिरंदाजी स्पर्धांमध्ये 'इंडियन राउंड' हा बांबूच्या धनुष्याचा प्रकार आहे. अंतरे ३० आणि ५० मीटर. नेम धरायला साइट नाही, धनुष्य स्थिर ठेवायला दांडा नाही. सगळा भार अंगावळणी पडलेल्या हालचालीवर. म्हणूनच या धनुष्याचा सराव वेगळ्या क्रमाने करावा लागतो. पण नवा खेळाडू मैदानावर आला की पहिल्याच दिवशी ३० मीटरवरून बाण सोडू लागतो, आणि पुढे कित्येक महिने तेच चुकीचे वळण पक्के करत बसतो.

धनुष्य हलके निवडा. दोरी पूर्ण ओढून दहा सेकंद हात न थरथरता धरता आली, तरच त्याची ओढ तुम्हाला पेलते असे समजा. बाण न लावता दोरी ओढून सोडू मात्र नका. जी ताकद बाणात जायची, ती मग धनुष्याच्या बाहूंमध्येच धडकते आणि बांबू चिरतो.

आता खरा सराव. भाताच्या पेंढ्या घट्ट बांधून छातीच्या उंचीवर ठेवा आणि तीन-चार पावलांवर उभे राहा. पेंढ्यांवर कागद नको, ठिपकाही नको. समोर ठिपका दिसला की मन तिकडे धावते आणि हात काय करतो आहे ते कळेनासे होते. इथे बाण चुकण्याची सोयच नाही, त्यामुळे सगळे लक्ष शरीराकडे देता येते. काही बाण डोळे मिटूनही सोडावेत. अर्थात मागे-पुढे कोणी नाही याची खात्री करून, आणि दोरी ओढण्याआधी बाणाचे टोक पेंढ्यांच्या मध्याकडे आहे हे पाहून.

दोरीवर तर्जनी बाणाच्या वर, मधली दोन बोटे खाली. अंगठा आणि करंगळी तळहाताकडे मिटलेली. ओढताना दंडाचा जोर लावू नका. दोन्ही खवाटे पाठीमागे एकमेकांकडे सरकू द्या. तर्जनीचे टोक दर वेळी ओठाच्या त्याच कोपऱ्याला टेकले पाहिजे. ही जागा बोटभर जरी पुढेमागे झाली, तरी ओढ बदलते आणि लांबवर बाण वर-खाली पडतो. सोडताना बोटे मुद्दाम उघडायची नसतात, फक्त सैल करायची. दोरी आपली वाट काढते आणि पाठीच्या ताणामुळे हात जबड्याला घासत कानाकडे जातो. हात गालापासून बाहेर फेकला गेला, तर दोरी आडवी सरकते. सुटलेला बाण तसाही धनुष्याला वळसा घालताना वाकतो. दोरी आडवी सरकली की तो आणखी वाकतो आणि पेंढ्यांत तिरका रुततो. रुतलेल्या बाणाची पिसांकडची बाजू कुठे कलली आहे, हे प्रत्येक वेळी पाहा.

सराव तीन-तीन बाणांचा असावा, मध्ये पुरेशी विश्रांती. हात ओठापर्यंत पोहोचण्याआधीच बाण सुटू लागला, की त्या दिवशी थांबा. थकलेल्या अंगाने मारलेले शेवटचे बाणच शरीर लक्षात ठेवते. लक्ष्य दिसताच बाण आपोआप सुटण्याची खोड लागली असेल, तर पुन्हा पेंढ्यांकडे या. अधूनमधून लक्ष्यावर पूर्ण ओढ घेऊन बाण न सोडता सावकाश दोरी परत आणा. कंटाळवाणे आहे, पण उपयोगी पडते.

हालचाल बसली की दहा मीटरवर कागद लावा. मध्याची चिंता नको, तिन्ही बाण एकत्र पडतात का ते बघा. त्यानंतरच अंतर वाढवा. जवळच्या अंतरावर बाणाचे टोक लक्ष्याच्या बरेच खाली धरावे लागते. अंतर वाढेल तशी ही फट कमी होते. प्रत्येक अंतराची फट वहीत लिहून ठेवा.

एक गोष्ट शिकाऱ्यांकडून घेण्यासारखी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि पुढे आपल्याकडची शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. अमेरिकेत मात्र ठरावीक हंगामात परवाना काढून धनुष्याने शिकार करतात. तिथल्याच 'याही' नावाच्या मूळ रहिवासी जमातीचा इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ऑरोव्हिल इथे लोकांसमोर आला. सॅक्स्टन पोप हे डॉक्टर त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले आणि १९२३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. इशी उकिडवा किंवा गुडघ्यावर बसून बाण मारणे पसंत करी, कारण झुडपांआडून तेच सोयीचे. शिकाऱ्याला दुसरा बाण क्वचितच मिळतो. म्हणून धनुष्याने शिकार करणारे सरावात अंतर न मोजता चालत राहतात, कुजका बुंधा किंवा मातीचा ढीग निवडतात आणि बोथट टोकाचा एकच बाण मारतात. पेंढ्यांचा टप्पा पार झाल्यावर आपणही मोकळ्या, निर्मनुष्य माळावर हे करू शकतो. सरावाला आल्यावर अंग मोकळे करून घ्या आणि पहिला बाण अनोळखी अंतरावरून मारून त्याची नोंद करा. तुमची खरी पातळी तोच बाण सांगतो.

धनुष्यावर रोज कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर तिथे चीर पडते आहे; ते धनुष्य वापरू नका. आणि पहिला महिना पेंढ्यांपासून हलू नका, मैदानावरचे बाकीचे सगळे ५० मीटरवर गेले तरीही.