मोहाच्या वाटेवरचं कचारगड

माघ पौर्णिमा जवळ आली की वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांत पिवळे फेटे दिसू लागतात. तुमसर मागे पडतं, वैनगंगा ओलांडली जाते आणि तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा करत गाडी दरेकसाच्या डोंगराळ जंगलात पोचते. इथे ‘जय सेवा’ हे गोंडी अभिवादन करत लोक उतरतात आणि कचारगडच्या पायथ्याशी असलेल्या धनेगावाकडे चालू लागतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोवर हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता.

कचारगडची गुहा हे गोंड समाजाचं मूळस्थान. कली कंकाली दाईची तेहतीस खोडकर मुलं इथे शिळेआड कोंडली गेली होती, अशी गोंडी पुराणकथा आहे. हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी या तंतुवाद्याचे सूर छेडले, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ संचारलं आणि त्यांनी आतून शिळा ढकलली. मुलं सुटली, पण वादक त्याच शिळेखाली गेला. पुढे गोंडांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो याने या मुलांना कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, शिकवण दिली. वाद्य वाजवणाऱ्याला एवढा मान देणारी मुक्तीची कथा मला तरी दुसरी आठवत नाही. आजच्या स्वरूपातली जत्रा मात्र जुनी नाही. १९८०च्या दशकात भाषातज्ज्ञ मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा उभी केली. आता मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशातूनही लोक येतात.

गोंडांच्या पूजेत मोह लागतोच. पेनासमोर, म्हणजे देवासमोर, मोहाच्या दारूची धार आधी जमिनीवर सोडायची. माणसांचा नंबर त्यानंतर. जन्म, लग्न, मरण यांतलं काहीच तिच्यावाचून होत नाही. जत्रा माघात आणि फूल पडतं फाल्गुन-चैत्रात, त्यामुळे जत्रेच्या दिवसांत घरोघरी असतं ते गेल्या हंगामातलं वाळवलेलं फूल. मोहफूल पहाटेपासून गळू लागतं. मांसल, फिकट पिवळं, उग्र गोड वासाचं. टोपल्या घेऊन बाया अंधारातच झाडाखाली पोचतात, कारण उन्हं वर येईपर्यंत वेचणी उरकायची असते आणि अस्वलालाही हेच फूल आवडतं. त्याच्याशी गाठ पडून दरवर्षी कोणी ना कोणी जखमी होतं. झाडाखालचा पाचोळा जाळायची जुनी रीत आहे, पण त्यातूनच वणवे पेटतात. म्हणून वनखातं आता जाळी अंथरायला सांगतं.

वाळलेलं फूल पाण्यात भिजत घालायचं, काही दिवसांनी ते फसफसलं की हंडा चुलीवर चढवायचा आणि वरच्या भांड्यातल्या गार पाण्याने वाफ थंड करून थेंब धरायचे. पाणी तापलं की बदलायचं. आधी येते ती पहिल्या धारेची, सर्वांत कडक.

यात्रा आणि गावचं पेय यांची अशी सांगड इतरत्रही दिसते. स्पेनमध्ये सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रेची वाट नावारा, रिओहा, बिएर्सो अशा द्राक्षमुलखांतून जाते. नावारातल्या इराचे मठाजवळ एका मद्यशाळेने १९९१ साली भिंतीला दोन तोट्या बसवल्या, एक पाण्याची आणि एक लाल वाइनची. यात्रेकरूंनी शिंपला भरून फुकट प्यावी, पुढे चालावं. त्याच वर्षी रिओहाच्या वाइनला त्या देशातला सर्वांत वरचा भौगोलिक दर्जा मिळाला. गावचं पेय तिथे गावाची ओळख म्हणून मिरवतं.

आपल्याकडे द्राक्षाच्या वाइनसाठी २००१ साली राज्याने स्वतंत्र धोरण आणलं आणि त्यात शेतकऱ्याचं हित पाहिलं. मोहाची मात्र ‘हातभट्टी’ झाली. इंग्रजांनी १८९२च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात फुलं वेचण्यावरही निर्बंध घातले होते, आणि स्वतंत्र भारतातला १९४९चा दारूबंदी कायदाही घरच्या चुलीला गुन्हा मानतो. वेचलेलं फूल बाळगण्या-विकण्यावरचे निर्बंध राज्याने सैल केले ते थेट २०२१ मध्ये. हा दुजाभाव मला पटत नाही. पण दारूने घरं बुडाल्याचं विदर्भातल्या बायांनी पाहिलंय. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती लोकांच्या चळवळीतून, आणि या बायांच्या रागाला ‘परंपरा’ हे उत्तर पुरत नाही. मध्य प्रदेशाने गेल्या काही वर्षांत मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून परवाना द्यायला सुरुवात केली आहे, आणि सालेकसा तालुक्याची हद्द त्या राज्याला लागून आहे.

जायचं असेल तर माघ पौर्णिमेच्या आसपासचे पाच दिवस धरा. बूट मजबूत हवेत, कारण गुहेपर्यंतची वाट दगडाधोंड्यांची आणि चढणीची आहे. आतल्या अंधारासाठी टॉर्च ठेवा. गर्दी नको असेल तर चैत्रात या. तेव्हा गुहा निवांत असते आणि गावागावांतल्या अंगणांत मोहफुलं वाळत पडलेली असतात. त्यांचे लाडू कोणी पुढे केले तर जरूर खा, त्याला कुठलाच कायदा आडवा येत नाही.