पाच तारे पाहून घेतलेले यंत्र

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कपडे धुण्याचे नवे यंत्र आले. त्याआधी यजमानांनी आणि मुलीने चार रात्री जागून लोकांचे अभिप्राय वाचले होते. पाचपैकी जवळजवळ पाच तारे, 'अप्रतिम', 'पैसा वसूल'! बसवणारा माणूस नळ जोडून गेला आणि पंधराव्या मिनिटाला यंत्र केकाटू लागले. नळाला पाणी होते, पण यंत्राला ते पुरत नव्हते. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो आणि गच्चीवरची टाकी डोक्यावर जेमतेम पाच फुटांवर आहे. शेवटी छोटा पंप बसवावा लागला. त्याचा खर्च वेगळा आणि "बादलीत धूत होतो ते काय वाईट होतं?" हे सासूबाईंचे ऐकून घेणे वेगळे.

गंमत म्हणजे, अभिप्राय लिहिणारे खोटे बोलले होते असे मला वाटत नाही. त्यांच्या घरी पाण्याला जोर होता, म्हणून त्यांचे यंत्र छान चालले. फक्त आपल्या घरी पाणी कसे येते, हे कोणी लिहिलेच नव्हते. टाकीतले पाणी नळापेक्षा दहा फूट उंच असेल, तर नळाला सुमारे ०.३ बार इतका दाब मिळतो. यंत्राला किमान किती दाब लागतो, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते. पण ती पुस्तिका आपण उघडतो केव्हा? यंत्र अडून बसल्यावर!

म्हणून आता मी कोणताही अभिप्राय वाचताना आधी लिहिणाऱ्याचे घर शोधते. माणसे किती, पाणी नळाचे की बोअरचे, वीज किती वेळा जाते. 'मिक्सर झकास आहे' यातून मला काहीच कळत नाही. 'रोज दोन वाट्या इडलीचे वाटण, चार महिने झाले, भांडे खालून गळू लागले' यातून सारे कळते. कुठे चांगले आणि कुठे कमी, हे दोन्ही सांगणाऱ्यावर माझा विश्वास चटकन बसतो. नुसती स्तुती करणाऱ्यावर बसत नाही, आणि 'डिलिव्हरी उशिरा आली' म्हणून एकच तारा देणाऱ्यावरही नाही. त्याचा राग सामान आणणाऱ्यावर असतो, वस्तूवर नव्हे.

दुसरा प्रश्न काळाचा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन आला, तेव्हा जगभरच्या जाणकार समीक्षकांनी त्याचे भरभरून कौतुक केले होते. काही आठवड्यांतच त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. कंपनीने फोन परत मागवले, बदलून दिलेलेही पेटले, आणि ऑक्टोबरमध्ये तो फोन कायमचा बंद झाला. समीक्षकांनी पडदा, कॅमेरा, वेग हे सारे नीट तपासले होते, पण थोड्या दिवसांच्या वापरात बॅटरीतला दोष त्यांना दिसणार कसा? पहिल्या आठवड्यातला अभिप्राय हा नव्या सुनेच्या पहिल्या आठवड्यातल्या कौतुकासारखा असतो. सहा महिने, वर्ष वापरून लिहिलेले चार शब्द शोधावेत. तीच तक्रार चार वेगवेगळी माणसे करत असतील, तर तिथे थांबावे.

तिसरा प्रश्न जरा नाजूक, तो म्हणजे वस्तूचे पैसे कोणी दिले? अमेरिकेत १९३६ मध्ये सुरू झालेली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही संस्था तपासायच्या वस्तू स्वतःच्या पैशाने विकत घेते आणि उत्पादकांच्या जाहिराती घेत नाही. तिचा दबदबा आहे तो यामुळेच. आपल्याकडेही नियम आले आहेत. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, शिफारस करणाऱ्याचे कंपनीशी काही देणेघेणे असेल तर ते उघड करावे लागते. जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या नामवंतांनाही हे स्पष्ट बजावण्यात आले. फुकट मिळालेली वस्तूसुद्धा त्यात आली. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय त्यात बसत नाहीत. मात्र हे मानक ऐच्छिक म्हणून आले, तेव्हा आपले डोळे उघडे ठेवलेलेच बरे. एकाच दिवशी एकाच साच्यातली वीस कौतुके दिसली, की मी पुढे वाचत नाही.

आणखी एक घोटाळा बऱ्याच घरांत होतो. फ्रिजवर चिकटवलेले तारे हे ग्राहकांचे मत नव्हे. ते ऊर्जा दक्षता ब्यूरोचे, विजेच्या बचतीपुरते असतात. त्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, म्हणून त्या लेबलवरचे वर्षही पाहावे. तिथेच फ्रिजला वर्षाला किती युनिट वीज लागेल हा आकडाही असतो. दोन फ्रिजमध्ये निवड करताना माझ्या मते तो ताऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

गेल्या महिन्यात जाऊबाईंचा फोन आला, "तुमचं मशीन कोणतं हो? आम्हालाही घ्यायचंय." मी नाव सांगायच्या आधी विचारले, "तुमची टाकी नळापासून किती उंच आहे?" पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या भावजींना हाक मारताना ऐकू आल्या, "अहो, जरा टेप घेऊन गच्चीवर जाता का?"